कुसाबाईचा नवस

सिडकोतल्या मंगल कार्यालयात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि प्रतिभाचं लक्ष रिंगमधल्या शिडीवरून हटत नव्हतं. तिचा नवरा अश्विन आज त्या शिडीच्या टोकावरून उडी मारणार होता. "लोक परत आणायचे तर काहीतरी जबर पाहिजे, वहिनी," असं ललितशेठ म्हणाला होता. जबर! उडी दुसऱ्याने मारायची असली की माणसाला सगळं जबरच सुचतं.

ललितशेठच्या 'गोदा रणसंग्राम'ला एके काळी मोठी लॉन्स पुरत नसत. कुस्ती लुटुपुटूची, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. तमाशातला राजा खरा नसतो म्हणून कुणी उठून जातं का? पण शेठला अवदसा आठवली. अश्विनची मान मोडली, तो आयसीयूत आहे, असा व्हिडिओ त्याने काढला. त्यात प्रतिभाला रडायला लावलं, आणि तीही रडली. खेळाच्या दाराशी हार विकणारी कुसाबाई अश्विनसाठी वणीच्या देवीला नवस बोलली, अनवाणी गड चढली. आणि त्याच आठवड्यात अश्विन अंबडला फर्स्ट शिफ्टला मशीनवर उभा! कारखान्यातल्यांनी पाहिलं, गावभर झालं. खोटी कुस्ती नाशिकने डोक्यावर घेतली होती, पण खोट्यासाठी देवीला साकडं घालायला लावलेलं कुणाला पचलं नाही. लोक भांडले नाहीत. यायचेच बंद झाले.

आज कुसाबाई पहिल्या रांगेत होती. ललितशेठने पाया पडून तिला आणलं होतं.

अश्विन शिडी चढला. प्रत्येक उडीनंतर तो डावा हात मॅटवर हळूच आपटायचा. मी बरा आहे, ही प्रतिभासाठीची खूण. शिडी डगमगली. तो पडला तो पाठीवर नाही, मानेवर. प्रतिभा त्याच्या हाताकडे बघत राहिली. हात हलला नाही.

ती दोरांखालून आत घुसली. "अहो, ऐकू येतंय का? हात हलवा ना!"

त्याचे डोळे उघडे होते, घाबरलेले. "हलत नाहीये गं," तो पुटपुटला.

प्रतिभा खुर्च्यांकडे वळून ओरडली, "खरंच लागलंय हो! कुणीतरी गाडी काढा!"

टाळ्या पडल्या. वर्षभरात पडल्या नव्हत्या इतक्या. मागून कुणी शिट्टी मारली. पडद्याआडून ललितशेठ खूश होऊन तिला अंगठा दाखवत होता.

ती खाली उतरून कुसाबाईकडे धावली, हात जोडले. "मावशी, देवीची शप्पथ, या वेळी खरं आहे. तुम्ही तरी सांगा यांना."

कुसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराने पुसलं आणि पिशवी उचलली.

"मागच्या खेपेला बी तू अशीच रडली व्हतीस, पोरी," ती म्हणाली. "तवा बी मला खरंच वाटलं व्हतं."

ती दाराकडे निघाली. मागे टाळ्या चालूच होत्या.