लाल फितीचा पाव

ऑर्विन टांगेनच्या अंत्यविधीला आर्डिस लिंबाची जेली घेऊन आली, तेव्हा चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. फेर्डाल गावात कोणीही गेलं की मागून होणाऱ्या जेवणाला आर्डिसने वेलदोड्याचा गोड पाव आणायचा, ही चाळीस वर्षांची रीत होती.

"आणि पाव गं?" बटाट्याच्या भांड्यावरचं झाकण काढता काढता एकीने विचारलं.

"ऑर्विनच्या जेवणाला दुसऱ्या नंबरचं कशाला आणू?" आर्डिस म्हणाली आणि तिने जेली जरा आपटूनच ठेवली.

दुखणं जुनं होतं. ऑगस्टातल्या जत्रेत पावांची स्पर्धा असे. पहिल्या नंबराला निळी फीत, दुसऱ्याला लाल. सव्वीस वर्षं परीक्षक ऑर्विन होता आणि सव्वीस वर्षं त्याने आर्डिसला लाल फीत दिली होती. निळी बहुतेक वेळा व्हर्नाच्या गळ्यात. व्हर्नाचा पाव दिसायला देखणा होता, एवढं आर्डिस मान्य करी. त्यापुढे काही नाही.

बरं, परीक्षकावर संशय घ्यावा तर तीही सोय नव्हती. ऑर्विन गावातल्या एकुलत्या एका बँकेचा अध्यक्ष, तीनदा नगराध्यक्ष, पोहण्याचा तलाव आणि वाचनालयाचं छप्पर त्याच्यामुळेच झालेलं. एकदा गाडी चुकीच्या जागी उभी राहिली म्हणून त्याने स्वतःच स्वतःला दंड केला होता आणि पावती मागून घेतली होती. असा माणूस दुसरा म्हणाला म्हणजे दुसराच. तो जरासा लबाड असता, तर आर्डिसने इतकं मनाला लावून घेतलं नसतं.

ती आता एक्याऐंशीची होती. आपल्या पावात नेमकं काय कमी होतं, हे कळल्याशिवाय तिला मरायचं नव्हतं. सांगू शकणारा माणूस तर वरच्या मजल्यावर पेटीत झोपलेला. जेवताना आठवणी सांगायला ध्वनिक्षेपक फिरेल, तेव्हा अख्ख्या गावालाच विचारायचं, असं ठरवून ती आली होती. भाषण पाठ होतं.

तेवढ्यात ऑर्विनची बायको मेव्हिस कॉफीचा पेला घेऊन आत आली. टेबलावरून नजर फिरवताच तिचा चेहरा पडला.

"आर्डिस, पाव नाही आणलास? मी सकाळपासून त्याच्याच आशेवर आहे. दर जेवणाला माझा तुकडाही तोच उचलायचा. म्हटलं, तो गेल्यावर तरी माझ्या वाट्याला एक तुकडा येईल."

"म्हणजे?"

मेव्हिसने दार लोटून घेतलं. "स्पर्धेतला पहिला पाव शाळेच्या बँडसाठी लिलावात जातो ना? आणि उरलेले वृद्धाश्रमात?"

"हो. ऑर्विनच न्यायचा."

"तुझा कधी पोचलाच नाही गं तिथे. दर ऑगस्टात हा माणूस तासभर गॅरेजला आतून कडी घालून बसायचा. मला वाटलं, दारू. एकदा खिडकीतून डोकावले, तर ब्यूक गाडीत बसलेला, मांडीवर तुझा पाव आणि हातात लोण्याची सुरी!"

"मग पहिला नंबर द्यायचा आणि लिलावात घ्यायचा!"

"कसा घेणार? बँकेच्या अध्यक्षाने हात वर केला की बाकी सगळे हात खाली. निम्म्या गावाची कर्जं त्याच्याकडे. ते त्याला बरं वाटेना. म्हणून मग दरवर्षी दुसरा नंबर..." मेव्हिस डोळे पुसत होती आणि हसतही होती. "एवढी एकच चोरी केली बिचाऱ्याने."

आर्डिस खुर्चीवर बसली. आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण त्याच्या बरोबरीने असा संताप आला की पाठ केलेलं भाषण पार विस्कटलं.

दोघी बाहेर जेवणाच्या दालनात आल्या, तेव्हा आठवणी सुरू झाल्या होत्या. अग्निशमन दलाचा प्रमुख म्हणाला, "माणूस वाईट नव्हता." फेर्डालमध्ये याहून मोठी स्तुती नाही, त्यामुळे दोघी-तिघींनी रुमाल काढले. शाळेचे मुख्याध्यापक ऑर्विनच्या सचोटीवर दहा मिनिटं बोलले. मग ध्वनिक्षेपक आर्डिसच्या हातात आला.

समोरच्याच रांगेत व्हर्ना बसली होती. आर्डिसला क्षणभर वाटलं, जाऊ दे. पण सव्वीस हा काही लहान आकडा नव्हता.

"ऑर्विन चोर होता," ती म्हणाली.

तळघरातले सगळे काटे-चमचे थांबले. चर्चचे पास्टर डेल अर्धवट उठले. आर्डिसने गॅरेज, ब्यूक, लोण्याची सुरी, काही म्हणता काही ठेवलं नाही. आधी कोणीच हसलं नाही. मग मेव्हिसच्याच हसण्याचा खुळखुळणारा आवाज आला आणि त्याच्यामागून सगळं तळघर हसायला लागलं. मुख्याध्यापकांनी कॉफीत तोंड घातलं.

व्हर्ना मात्र उभी राहिली. "आणि माझ्या एकोणीस निळ्या फिती?"

"तुझे पाव लिलावात चांगल्या भावाने जायचे की गं," आर्डिस जरा नरमाईने म्हणाली.

"जायचे. माझा नवरा घ्यायचा! दुसरं कोणी बोलीच लावायचं नाही. घरी आणून म्हणायचा, वर्षाचे बारा महिने फुकट खातो, हा एक विकत."

हशा पुन्हा उसळला, पण व्हर्ना हसली नाही, तसा तो लवकर विरला. पास्टरांनी विषय बदलावा म्हणून घाईघाईने विचारलं, "मग यंदा परीक्षक कोण? आर्डिस, तुम्ही?"

"मुळीच नाही. मी स्पर्धेत उतरणार. मला निळी फीत हवीय, आणि जिवंतपणी हवीय."

"मी होते परीक्षक," व्हर्ना म्हणाली.

आर्डिसने ध्वनिक्षेपक खाली ठेवला आणि जाऊन व्हर्नाच्या शेजारी बसली.

"माझा पाव कसा लागतो ते माहीत आहे का तुला?"

"नाही. एवढ्या जेवणांना आणलास, पण कधी तोंडात घातला नाही. भीती वाटायची."

"कसली?"

"चांगला असला तर?"

आर्डिसने व्हर्नाच्या पानातला जेलीचा हिरवट तुकडा पाहिला. वाईटच झाली होती जेली.

"मंगळवारी कॉफीला ये," ती हळूच म्हणाली. "सकाळीच भाजते."

"परीक्षकाला ही लाच होईल हं," व्हर्ना म्हणाली, आणि किती वाजता यायचं ते तिने विचारून घेतलं.