साडेतीन वाव होडी

आमच्या दादूआजाचं मोजमाप वावेत चालतं. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे सहा फूट. घणसोली गावात त्याच्या हातांवर दुकानदारही डोळे मिटून विश्वास ठेवतात. म्हणून तर आजाने होडी हातांनी मोजून सांगितली तशी एकाने साडेतीन वाव, म्हणजे एकवीस फूट ताडपत्री कापून दिली, आणि होडी झाकल्यावर तीन फूट चिखलात लोळली.

कल्पेशकाकाला हेच हवं होतं. होडीला गिऱ्हाईक शोधून तो महिनाभर टपून बसला होता.

"बाबा, होडी अठरा फुटांची. तुम्ही स्वतः बांधून घेतलेली. ते पण विसरलात? डोकं चालत नाही आता. बस झाली खाडी, विकून टाकू."

"इसरलो नाय," आजा म्हणाला. "तवा तीन वाव होती, आता साडेतीन भरते. मोठी झाली. अमितानंच सांगितला ना, विश्व फुगतंय?"

दोघंही माझ्याकडे वळले. मी एमएस्सीला असल्याने विश्वात काहीही बिघडलं की जाब मलाच विचारतात. आणि गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

"आजा, फुगतं ते लांबलांबच्या आकाशगंगांमधलं अंतर. गुरुत्वाकर्षणाने जे घट्ट धरलंय, ते फुगत नाही. लाकडाचे अणू तर विजेच्या बळाने आवळलेले, ते आहेत तेवढेच राहतात."

"थोरे तरी फुगत असतील."

"बरं, फुगले समज. तुझे हात पण अणूंचेच ना? तेही तेवढेच फुगणार. मग होडी तीनच वाव भरली असती. फरक पडला म्हणजे दोघांपैकी एकच कुणीतरी..."

मी जीभ चावली, पण उशीर झाला होता. आजाने हात पसरले. डावा खांदा वर जाईना, कोपरं सरळ होईनात. काकाने टेप लावला. पाच फूट दोन इंच.

मला रडूच आलं. याच हातांवर आडवं धरून त्याने मला पोहायला शिकवलं होतं.

"म्हंजे होरी हाय तेवरीच, मीच आटलो," आजा हात खाली घेत म्हणाला. मग काकाकडे वळला. "पन मोजनी बराबर केली का नाय? डोका जाग्यावर हाय का?"

"आहे, बाबा."

"मना आता ती एकट्याला मोठीच होते. उद्या भरतीला तू वल्ह्यावर बस."

काकाने टेप गुंडाळला.

"किती वाजता?" त्याने विचारलं.