सवलतीची ओळ

खुलासा मागणारं पत्र माझ्या टेबलावर उघडंच ठेवलं होतं. पाकिटात घालायची तसदीही कुणी घेतली नव्हती. शुक्रवारी सकाळी बबडीला पाळणाघरात सोडून, तिच्या लाळेचा ओला डाग खांद्यावर घेऊन मी आत शिरले, तोवर शेजारच्या टेबलांवर सगळ्यांचं ते वाचून झालं होतं. पत्र चारच ओळींचं. तापाच्या औषधाच्या माहितीपत्रकातली चूक मी वेळेत कळवली नाही, त्यामुळे चाळीस हजार प्रती रद्दीत गेल्या. दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. तोवर ‘तपासले’ अशी सही करण्याचा माझा अधिकार काढून घेण्यात येत आहे.

नऊ वर्षं मी ती सही करते आहे. औषधाच्या खोक्यात ते घड्या घातलेलं पातळ पत्रक असतं ना, जे बहुतेक लोक न उलगडताच फेकून देतात, ते आमच्या छापखान्यात छापतात आणि छापायच्या आधी मी वाचते. स्टीलची पट्टी ओळीखाली धरून, एकेक ओळ. ती सही गेली तर माझ्याकडे पाणी प्यायची बाटली आणि खुर्ची एवढंच उरतं.

आणि मी कळवलं होतं.

मंगळवारी दुपारी शेवटचं प्रूफ आलं. पहिल्या प्रुफावर माझी सही झालेली होती, पण नंतर कागदाचा आकार बदलला म्हणून मजकूर पुन्हा बसवला होता. त्यात मात्रेचा रकाना एक ओळ वर सरकला. सहा महिन्यांच्या बाळासमोर दोन वर्षांच्या मुलाची मात्रा, दोन वर्षांच्या मुलासमोर पाच वर्षांच्या मुलाची. शेवटच्या चौकटीत कुणीतरी ‘डॉक्टरांना विचारा’ असं भरून टाकलं होतं, म्हणून रिकामं काही दिसत नव्हतं. तेच औषध मी पंधरा दिवसांपूर्वी बबडीला दिलं होतं, तापलेलं डोकं माझ्या मानेत खुपसून बसलेली असताना, चमचा तिच्या घट्ट मिटलेल्या ओठांशी धरून. ते आकडे मला पाठ होते. 

आमच्याकडे तोंडी सांगायची सोय नाही. पूर्वी कुणीतरी जिन्यातून ‘थांबवा’ म्हणून ओरडलं आणि नंतर कोण ओरडलं यावर महिनाभर भांडण चाललं, तेव्हापासून आमच्या विभागप्रमुख मॅडमनी भिंतीवर पाटीच लावली आहे: तोंडी सांगितलेले धरले जाणार नाही. हरकत असेल तर मॅडमना मेल करायची, त्या खाली मशीनवर कळवतात. पाच वाजेपर्यंत काही आलं नाही तर सगळं ठीक आहे असं समजून मशीन सुरू होतं. मी दोन चाळीसला मेल केली, बाळंतपणाहून परतल्यापासूनची माझी पहिलीच हरकत. विषय: थांबवा, मात्रा चुकली आहे. तीनला माझी वेळ संपते. मी निघाले. पाच वाजता मशीन सुरू झालं. औषध कंपनीच्या माणसानं पहिलाच गठ्ठा सोडून पाहिला आणि सगळा माल परत पाठवला, ही त्या कुठल्यातरी सहा महिन्यांच्या बाळांची पुण्याई.

मॅडम दोन वाजता आल्या, तशी मी पत्र घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

“मॅडम, मी मेल केली होती. दोन चाळीसला.”

“माझ्याकडे नाही आली ग.”

“माझ्या पाठवलेल्यांत आहे. या, दाखवते.”

“लिहिली असशील. पाठवायची राहिली असेल.” त्यांनी चष्मा काढला. आता मायेनं बोलणार, हे मी ओळखलं. “हे बघ, मूल लहान असलं की डोकं ठिकाणावर नसतं. माझी दोन्ही लहान होती तेव्हा मी एकदा किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवून घरभर शोधत होते. खुलाशात तसं लिही. रात्रीची झोप होत नाही वगैरे. मी वर सांभाळून घेईन.”

“माझी झोप होते, मॅडम.”

होत नाही. पण तो माझा आणि बबडीचा प्रश्न आहे.

तिथून मी तडक पासवर्डदादाकडे गेले. त्याचं खरं नाव त्यालाच आठवत असेल तर असेल. कुणीही संगणकाची कसलीही अडचण घेऊन गेलं की आधी पासवर्ड विचारतो म्हणून हे नाव. गेल्या आठ महिन्यांत मॅडमची उत्तरं मला फक्त शनिवारी यायची, सगळी एकदम, एकेका शब्दाची. मला वाटायचं, वाचतात वेळेवर, पण माझ्यावर रागावल्यात म्हणून उत्तर लांबवतात. मी सुट्टी जास्त घेतली, म्हणून असेल. आठ महिने मी मागच्या जन्मीचे शोधावेत तसे माझे अपराध शोधत होते. आता मला माझी एक मेल कुठे गेली ते हवं होतं.

“पासवर्ड?” तो म्हणाला.

“तुलाच माहितीये माझा, तूच दिलास. दादा, ही मेल गेली की नाही तेवढं सांग.”

त्यानं खुर्ची ओढली, मेल उघडली आणि कुठल्याशा यादीतून ‘सगळे हेडर दाखवा’ वर बोट दाबलं. माझ्या साध्या चार ओळींच्या वर पंचवीसेक ओळी धडाधड उलगडल्या.

“एवढं सगळं मी लिहिलं?”

“हे पाकिटावरचं लिखाण. प्रत्येक मेलवर असतं. प्रोग्रॅम तुम्हाला कोणाकडून, कोणाला, विषय, तारीख एवढंच दाखवतो. बाकीचं मशीनं आपापसात वाचतात.” तो एकेक ओळ बोटानं दाखवत होता. “ही गेली. आमच्या सर्व्हरनं घेतली, मॅडमच्या पेटीत टाकली, दोन एक्केचाळीसला. पोचली.”

मग त्याचं बोट एका ओळीवरून घाईनं पुढे सरकलं. नऊ वर्षं मी दुसऱ्यांची निसटलेली ओळ पकडून पोट भरते आहे. मी पट्टी लावावी तसा तळहात पडद्यावर ठेवला.

एक्स-वर्ग: सवलत.

“ही काय?”

“ती... आपली घरगुती ओळ. एक्स लावला की समजायचं, ही कुणीतरी स्वतः जोडलेली.”

“कुणी?”

“मी.” त्यानं कान खाजवला. “म्हणजे हात माझा. तुम्ही बाळंतपणाहून परत आलात, त्या दिवशी तुमच्या प्रोग्रॅममध्ये घालून ठेवली. तुमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मेलला आपोआप लागते. मॅडमकडे नियम आहे, ही ओळ दिसली की मेल ‘सवकाश’ फोल्डरमध्ये. त्या शनिवारी बघतात. बाळ असलेल्यांवर ताण नको, त्यांच्याकडून लगेच काही अपेक्षा नको, म्हणून.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं, त्यांनी सांगितलं असेल.”

“आणखी कुणाला लावलीयेस?”

पत्रकांच्या घड्या घालणाऱ्या घडीयंत्रावरची एक, आणि हिशेबातली एक, जिला जुळे झालेत. आम्ही तिघी. माझ्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवली होती आणि आठ महिने मी ती मिरवत सगळीकडे हिंडत होते. औषध कंपनीच्या डॉक्टरांना मी पाठवलेल्या शंकांवर होती. पाळणाघराच्या बाईंना ‘आज दूध प्यायली का’ विचारलं, त्यावरही होती. ज्यांना वाचायचं कळत होतं, त्यांनी ती वाचलीही असेल.

मी मेलची छापील प्रत घेतली, त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि परत मॅडमसमोर ठेवली. दार लावून घेतलं नाही.

त्यांनी वाचलं. मग स्वतःच्या पडद्याकडे वळून तो फोल्डर उघडला. न वाचलेल्या सत्तावीस. माझी वरून चौदावी. विषय ठळक अक्षरांत होता.

“अरे देवा,” त्या हळूच म्हणाल्या. “हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.”

“झोप झाली नसेल,” मी म्हटलं.

त्यांना ते लागलं. मला वाईट वाटलं नाही.

“हे मी तुमच्यासाठी केलं होतं ग. मला कुणी एवढं केलं नाही. बाळ दहा आठवड्यांचं असताना रात्री अकराला फोन यायचे. मी ठरवलं होतं, माझ्या हाताखालच्या मुलींना असं होऊ द्यायचं नाही.”

त्या खरं बोलत होत्या, आणि म्हणूनच माझा संताप आणखी वाढला. वाईट चिंतलं असतं तर भांडायला सोपं होतं.

“मॅडम, फोन करू नका एवढं केलं असतं तरी पुरलं असतं. तुम्ही माझं म्हणणंच बाजूला ठेवलंत. सहा तासांचं काम मी सहा तासांत पुरं करते, त्यातली अर्धी ओळसुद्धा सवकाश वाचण्यासारखी नसते. आणि चूक झाली ती कुणाच्या नावावर पडली?”

“मी ती ओळ काढायला सांगते. आत्ता.”

“तिघींची.”

“तिघींची. आणि ते पत्र फाडून टाक, आपण विसरून जाऊ.”

“पत्र सगळ्यांनी वाचलंय. नवीन लिहा, तेही सगळ्यांना.”

 वर त्यांनाही कुणी विचारणारं आहे, हे मला ठाऊक होतं. चाळीस हजार प्रती आता कुणाच्या नावावर जाणार, हे त्यांनाही कळलं होतं. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. पावणेतीन झाले होते.

त्या लिहायला लागल्या. मी बाजूनं ओळ न् ओळ वाचत होते, तो तर माझा धंदा. ‘काही तांत्रिक कारणांमुळे संबंधित मेल वेळेत...’

“तांत्रिक नाही,” मी म्हटलं.

“अग, तसं लिहायची पद्धत असते.”

“यंत्राला सांगितलं तेच त्यानं केलं. चुकीचं आहे ते. काढा.”

कर्सर तिथेच लुकलुकत राहिला. माझा फोन थरथरला, पाळणाघर. मी उचलला आणि त्यांच्यासमोरच सांगितलं, की आज पंधरा मिनिटं उशीर होईल, तिला खिडकीपाशी बसवा, तिला गाड्या बघायला आवडतात. मॅडम ऐकत होत्या. फोन ठेवला तेव्हा ते शब्द गेले होते. त्या जागी लिहिलं होतं: ‘मी लावलेल्या नियमामुळे ही मेल माझ्या वाचनात आली नाही. त्यांनी चूक वेळेत कळवली होती. सहीचा अधिकार आजपासून पूर्ववत.’

त्यांनी पाठवलं. बाहेर दोन-तीन टेबलांवर टिंग वाजलं.

“झालं समाधान?” आवाज दुखावलेला होता.

“नाही,” मी म्हटलं. “बाकीच्या सव्वीस वाचा. मघाशी यादीत दिसलं, घडीयंत्राच्या बाईचं काहीतरी ब्लेडबद्दल आहे, मंगळवारचं. आधी ते.”

मी जिना उतरले तेव्हा मागे त्यांच्या फोनच्या डायलचा आवाज येत होता, आणि खाली, घडीयंत्राशेजारच्या फोनची घंटी वाजायला लागली होती.