मैदानातले तीन खांब

मिस्त्रीने दुसऱ्या खांबावर रंधा फिरवला, तळव्याने लाकूड चाचपलं आणि पुन्हा रंधा उचलला. एवढं गुळगुळीत करायची गरज नव्हती. पण खरखरीत लाकूड त्याच्या हातून कधी बाहेर जात नसे. पलटणीत बारा वर्षं त्याने खाटा केल्या, पेट्या केल्या, कुबड्या केल्या. मागच्या बाजूला लोखंडी कडी असलेले खांब मात्र पहिल्यांदाच करत होता.

"तीन," सुभेदार सकाळी सात वाजता सांगून गेला होता. "मैदानात, मागच्या भिंतीसमोर. दोन फूट जमिनीत, पाच फूट वर. संध्याकाळपर्यंत उभे पाहिजेत."

कशासाठी, हे मिस्त्रीने विचारलं नाही. पुलाच्या राखणीला अकरा जण गेले होते आणि चौथ्या दिवशी तिघे परत आले. आठ जण मेले असताना हे तिघे जिवंत कसे, एवढ्यावरूनच पळपुटेपणाचा आरोप उभा राहिला. पलटणीने ताब्यात घेतलेल्या शाळेत, चित्रकलेच्या वर्गात, आज अकरा वाजता खटला होता. कोर्टाची टेबलं कालच मिस्त्रीने तिथे मांडली होती.

साडेनऊला कॅप्टन दारात येऊन उभा राहिला. सैन्यात येण्याआधी तो वकिली करायचा, म्हणून तिघांची बाजू मांडायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं.

"हे कसले खांब?"

कॅप्टनने वाकून एक कडी हलवून पाहिली.

"कधी सांगितलं तुला?"

"सकाळी सातला, साहेब."

"आणि खटला अकराला." कॅप्टनने रुमालाने बोटं पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. "कोर्टापुढे येऊन फक्त खांब कशासाठी आणि हुकूम किती वाजता मिळाला, एवढं सांग. निकाल आधीच लागलाय, हे सिद्ध करायला माझ्याकडे दुसरं काही नाही."

मिस्त्रीने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, त्याचं त्यालाही कळलं नाही.

भिंतींना कान असतात म्हणतात. पलटणीत तर भिंतीही लागत नाहीत. कॅप्टन गेला आणि पाठोपाठ सुभेदार आला. बुटाने भुसा बाजूला सारत आपुलकीने म्हणाला,

"धाकटा भाऊ कसा आहे तुझा? तिसऱ्या कंपनीत ना?"

"हो."

"पुलावर आता दुसरी तुकडी पाठवायचीय. कोणत्या कंपनीची, ते अजून ठरायचंय." त्याने खांबावरून हात फिरवला. "झकास झालाय."

वर्गातल्या फळ्यावर मुलांनी काढलेली होडी अर्धीच पुसलेली होती. तिच्याखाली ते तिघे उभे होते: एक नाईक, एक तारवाला आणि एक आचारी. माणसं कमी पडली म्हणून आचाऱ्याच्या हातात बंदूक दिली होती; एरवी तो न मागता मिस्त्रीच्या ताटात दुसऱ्यांदा वाढायचा.

कोर्टाच्या टेबलामागून कर्नलने साक्षीला उभ्या मिस्त्रीकडे चष्म्यावरून पाहिलं. "ते खांब कशासाठी आहेत?"

कारकून लेखणी उचलून थांबला होता.

"कपडे वाळत घालायला, साहेब."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. कारकुनाने उत्तर लिहून घेतलं. कॅप्टन मान खाली घालून कागद गोळा करू लागला. आचाऱ्याने मात्र मिस्त्रीकडे पाहिलं आणि हलकेच मान डोलावली, वाढून झाल्यावर 'पुरे ना?' विचारावं तशी.

वीस मिनिटांत निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी पुलावर पहिली कंपनी गेली. तिसरी मागे राहिली, आणि तिच्यातलेच बारा जण बंदुका घेऊन मैदानात उभे केले गेले. मिस्त्री दार लावून करवत चालवत होता. एकदाच आवाज झाला. दुपारी त्याला कळलं की त्या बारा जणांत धाकटा होता.

तिसऱ्या दिवशी तो पहार घेऊन खांब उपटायला गेला. रंधा मारलेल्या लाकडात, छातीच्या उंचीवर, बोट जाईल एवढी भोकं होती. सुभेदाराने लांबूनच हात केला.

"राहू दे. वरून तपासणी येतेय. कोर्टाच्या कागदावर कपडे वाळवायचे खांब आहेत, तर तसे दिसायला नकोत? दोरी बांध."

त्याने दोरी बांधली. त्या दोरीवर कोणी काही घातलं नाही. लोक पाण्याला जाताना मैदान टाळून लांबच्या वाटेने जाऊ लागले. वारा पडलेला असला तरी दोरी हलते, असं पहारेकरी सांगत. त्यावर पहिल्या दिवशी लोक हसले. मग हसायचे थांबले.

सहाव्या दिवशी दुपारी धाकटा बादली घेऊन आला. गोळीबारानंतर तो मिस्त्रीशी एक शब्दही बोलला नव्हता. त्याने बादलीतून वर्दीचा सदरा काढला, झटकला आणि दोरीवर घातला. धुऊन धुऊन त्याचा रंग उतरला होता. मिस्त्री कामाच्या खोलीतून बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.

"दादा, कोर्टात तू सांगितलंस ना?"

"हो."

"मग कोणीतरी कपडे वाळत घालायला हवेत."

त्याने सदऱ्याची कॉलर सारखी केली. बाह्यांतून पाणी ठिबकत होतं.

"वाळेल ना?"

मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलं. तिची सावली खांबांपर्यंत येऊन पोचली होती.

"दुपारनंतर इथे ऊन येत नाही रे."

"मग थांबतो," धाकटा म्हणाला, आणि मधल्या खांबाला पाठ टेकून खाली बसला.