तेलाखालची पिल्लं

रत्नदीप वर्ध्यात एमेस्सीला होता. विषय, मांगूर माशाच्या पिल्लांचा श्वास. अंड्यातून निघालेलं पिल्लू आधी कातडीनं श्वास घेतं, मग कल्ल्यांनी, आणि थोडं मोठं झालं की पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोटही घेतं. रक्ताचंही तसंच. आधी पाण्यासारखं, मग हळूहळू लाल. हे सगळं त्यानं प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात स्वतःच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

पिल्लांचं रक्त लाल दिसलं तेव्हा त्यानं एसटीडीवरून आर्वीला घरी कळवलं. वडील हरिदास एसटीत कंडक्टर. रजा टाकून, कमलाआत्याला घेऊन दुसऱ्याच दिवशी ते पाहायला निघाले.

त्यांना आणायला स्टँडवर जाण्याआधी रत्नदीपनं रोजच्यासारखा पिल्लांच्या बरणीतल्या पाण्यावर तेलाचा थर सोडला. बाहेरची हवा आत मिसळली नाही की पिल्लांनी किती प्राणवायू घेतला ते मोजता येतं. पिल्लं मात्र त्याच सकाळी हवेच्या वयात आली होती.

तिघं लॅबमध्ये आले तेव्हा सगळी पिल्लं तळाशी.

"झोपले काय रे?" आत्यानं विचारलं.

"हो," रत्नदीप म्हणाला.

मागच्या सीटपर्यंत जाणारा हरिदासांचा आवाज एकदम खाली आला. "जागे झाले की पाहू." आत्यानं पंखा बंद केला. शेजारच्या टेबलावर बेडूक चिरणाऱ्या मुलीला बोटानं गप्प केलं. मुलगी गप्प झाली. बेडूक आधीच होता.

तेवढ्यात गाईड ज्योत्स्ना मॅडम आल्या. "रत्नदीप, रीडिंग कुठंय?"

"श्शू! मॅडम, लेकरं झोपले हायेत," हरिदास म्हणाले.

मॅडमनी बरणीकडे पाहिलं, मग रत्नदीपकडे, आणि हरिदासांचं ऐकून खरोखरच गप्प राहिल्या. रत्नदीपचे कान तापले.

"बाबा, मेले ते. बुडून मेले."

"मासे? पाण्यात?"

"हवा पायजे होती त्याइले. मी वरतून तेल टाकलं."

"तुले मालूम नव्हतं?"

"मीच लिवलं हाय ते."

हरिदास अजूनही कुजबुजतच होते. "मंग मले झोपले काऊन सांगतलं?"

"तुमी रजा टाकून आलते."

हरिदासांनी खुर्ची ओढली. "मेलेलंच दाखव. रक्त तं तेच हाय ना?"

रत्नदीपनं एक पिल्लू काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. हरिदास एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले.

"लाल हाय," ते म्हणाले. "मस्त लाल हाय, बाबू."

रत्नदीप खिडकीबाहेर पाहत होता. तिथं पाहण्यासारखं काहीच नव्हतं.