नवव्या टेबलाची वही

अनोळखी गावात कुणालाही रस्ता विचारून पाहा. माणूस लगेच हात वर करील आणि सांगेल, सरळ जा, मग डावीकडे वळा. त्याला तो रस्ता ठाऊक असेलच असं नाही. तरी सांगेल, कारण 'माहीत नाही' म्हणायला जीभ उचलत नाही. आपण तरी कुठे वेगळे आहोत? कचेरीत कुणी विचारलं, घरात पोरानं विचारलं, की आपणही काहीतरी ठोकून देतो. विचारणारा बिचारा ऊन डोक्यावर घेऊन चालत राहतो, आणि आपण सावलीत उभे राहून त्याला विसरून जातो.

ही गोष्ट अशाच एका ठोकून देणाऱ्या मुलीची आहे.

घरी तिला मास्तरीण म्हणत. पाच वर्षांची असताना ती उशा ओळीनं मांडून त्यांना शिकवायची, आणि उशांनी उत्तर दिलं नाही की त्यांना बडवायची. वडील शिंपी. मशीनच्या खडखडाटात तिचे पाढे वाढले, कात्रणांच्या ढिगात तिची पुस्तकं वाढली, आणि बघता बघता मास्तरीण डॉक्टर झाली. पण दवाखान्यात तिचं मन रमेना. तिला वर्ग हवा होता. म्हणून तिनं पुढच्या पदवीसाठी शरीररचनाशास्त्र घेतलं. माणसाच्या आत काय कुठे असतं ते शिकायचं, आणि शिकता शिकता पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं.

हे शिकवणं पुस्तकावरून होत नाही. लांबलचक विच्छेदनगृह, उंच खिडक्या, फॉर्मलीनचा डोळ्यांत झोंबणारा वास आणि पत्र्याची बारा टेबलं. प्रत्येक टेबलावर कुणीतरी मरणानंतर दान केलेला देह. मास्तरणीच्या वाट्याला नववं टेबल आलं होतं. त्यावर एक म्हातारी बाई होती, बारीक हाडाची, पांढऱ्या केसांची. आठ मुलांनी पहिल्याच दिवशी तिला आजी म्हणायला सुरुवात केली. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

शिकवणाऱ्यांना शिकवायचं काम मोठ्या बाईंचं. मोठ्या बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. दर शनिवारी त्या मास्तरणीसारख्या सहा जणांना घेऊन बसत. कुठे उभं राहायचं, मागच्या मुलाला दिसतंय का ते कसं बघायचं, प्रश्न विचारल्यावर गप्प किती वेळ राहायचं, सगळं सांगत. मुलाच्या हातातलं पातं काढून घेऊ नका, हे त्या इतक्यांदा म्हणत की सहाही जण मागच्या बाकावर ओठांनी त्यांच्याबरोबर म्हणत. वर्षाच्या शेवटी यांतल्या कुणाला स्वतंत्र वर्ग द्यायचा, ते त्याच ठरवणार होत्या.

आणि एक वही होती. प्रत्येक टेबलाची एक. तारीख, काय उघडलं, काय दिसलं, असे रकाने. शेवटच्या रकान्यावर मोठ्या बाईंच्या अक्षरात लिहिलेलं असे : 'आज न कळलेलं'. तो रकाना सगळे एकाच शब्दानं भरत. निरंक. मास्तरणीचं 'निरंक' तर पाहण्यासारखं असे. वळणदार, शेवटच्या 'क'च्या शेपटीला छोटा झोका दिलेला.

तर एका मंगळवारी नवव्या टेबलावर आजींचा उजवा हात उघडायचा होता. कोपराच्या पुढची बाजू. आपण रक्त तपासायला देतो तेव्हा सुई टोचतात, तीच जागा. आठ मुलांत एक मुलगी होती, तिला बाकीचे प्रश्नपत्रिका म्हणत. नाव ठेवणाऱ्यानं अचूक ठेवलं होतं. त्या दिवशी पातं तिच्याच हातात होतं. कातडी बाजूला करून ती थांबली.

"मॅडम, ही काय आहे?"

कातडीच्या लगेच खाली एक नळी होती, वरून खाली गेलेली. मास्तरणीनं वाकून पाहिलं. पुस्तकात या जागी इतक्या वर शिरा असतात, आणि शिरा काढून टाकल्याशिवाय खालचं दिसत नाही. ती म्हणाली, शीर आहे, काढून टाक.

"पण दाबली तर चपटी होत नाहीये. आणि वर दंडातल्या धमनीला जाऊन मिळतेय असं वाटतंय. धमनी तर नसेल?"

खरं सांगायचं तर मास्तरणीलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण तसं काही तिच्या पुस्तकात नव्हतं. आठ जणांचे डोळे तिच्याकडे लागले होते, आणि शेजारच्या दहाव्या टेबलावर तिच्याच बरोबरीचा एक जण छान आवाजात शिकवत होता.

"पुस्तक लिहिणाऱ्यांना तुझा फोन नंबर देऊ का?" ती म्हणाली. "उद्या हृदय उजवीकडे असतं म्हणशील."

सगळे हसले. प्रश्नपत्रिकेचे कान लाल झाले. मास्तरणीनं तिच्या हातातलं पातं घेतलं, वर एक छेद, खाली एक छेद, आणि वीतभर तुकडा चिमट्यानं उचलून झाकणाच्या बादलीत टाकला.

मग तिनं छेदाकडे पाहिलं. कापलेलं तोंड मिटलं नव्हतं. गोल, जाड कडेचं, उघडंच्या उघडं. शीर कापली की गळून मिटते. धमनी अशी राहते.

चूक तिला तिथेच कळली. पण तिनं त्यावर ओलं फडकं ओढलं, मुलांना पुढचे स्नायू दाखवले आणि तास संपल्यावर वहीत लिहिलं, निरंक. त्या दिवशी 'क'च्या शेपटीला झोका देता आला नाही.

पुढचे दिवस बाहेरून सारखेच गेले. फक्त प्रश्नपत्रिका टेबलाच्या टोकाला, आजींच्या पायाशी उभी राहू लागली. पातं कुणी पुढे केलं तर ती मान हलवून शेजाऱ्याकडे द्यायची. बाकीचे म्हणत, काय गं, प्रश्न संपले का? ती हसायची. मास्तरणीचा वर्ग आता अगदी शांत चालत होता, आणि या शांततेबद्दल दहाव्या टेबलावाल्यानं तिचं कौतुकही केलं.

पुढच्या महिन्यात छोटी चाचणी झाली. एक प्रश्न असा होता : कोपराच्या पुढे कातडीलगत जाड, न दबणारी नळी हाताला लागली तर ती काय असेल आणि तुम्ही काय कराल? मास्तरीण आपल्या टेबलाचे आठ कागद घेऊन खिडकीशी तपासायला बसली. पहिल्यानं लिहिलं होतं, शीर, सुई देण्यास सोयीची. दुसऱ्यानं तेच. तिसऱ्यानं तेच, वर अक्षर सुंदर. सगळ्या सातांनी तिचंच वाक्य तिला परत दिलं होतं.

आठवा कागद प्रश्नपत्रिकेचा. त्यावरही शीर. पण त्या शब्दाखालचा कागद खरवडलेला दिसत होता. मास्तरणीनं तो उजेडाला तिरका धरला. खोडरबरानं पुसलेले शब्द पेन्सिलीच्या दाबानं उमटून राहिले होते. 'धमनी. सुई देऊ नये.'

पोरीला बरोबर येत होतं! बरोबर येत होतं, आणि तिनं ते स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं.

मास्तरणीला आपल्या उशा आठवल्या. तिनं कागदांचा गठ्ठा पालथा ठेवला आणि कुणी बघत नाही ना, ते पाहिलं. मग वाटलं, पाहायचं काय उरलंय.

त्या संध्याकाळी घरी वडील फोनवर कुणाशी बोलत होते. जाड कापडाचा कोट होता, त्याची कॉलर त्यांना जमणार नव्हती. ते सांगत होते, मला येत नाही ते, पुलापलीकडे एक जण आहे, तो उत्तम करतो. फोन ठेवल्यावर आई करवादली, आलेलं गिऱ्हाईक घालवलंत, शिकून घेता आलं नसतं?

"शिकेन की," वडील सुईत दोरा ओवत म्हणाले. "पण त्याच्या कापडावर नाही. आणि येत नाही म्हणालो, मेलो तर नाही ना."

जेवता जेवता मास्तरणीनं ते ऐकलं. सकाळी निघताना तिनं वडिलांच्या डब्यातली तांबड्या दोऱ्याचं एक रीळ मागून घेतलं. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही.

विच्छेदनगृहाची व्यवस्था बघणारे मामा सगळ्यांच्या आधी येत. तिनं त्यांना नवव्या टेबलाची बादली मागितली. प्रत्येक देहाचा कण न् कण त्याच्याच बादलीत ठेवायचा, आणि वर्षअखेर त्याच्याचबरोबर निरोप द्यायचा, हा तिथला नियम. मामांनी बादली ठेवली आणि तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"त्या मंगळवारचं ना?" ते म्हणाले. "मी तुकडा वेगळ्या फडक्यात बांधून ठेवलाय. इतकी वर्षं पोरांचं कापलेलं उचलतोय, शीर आणि धमनी मलाही कळते, ताई."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"त्या पोरीला बोललात ते ऐकलं होतं मी," मामा म्हणाले.

फडकं हातात घेऊन ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. छेद, फडकं, निरंक, चाचणीचे कागद, सगळं. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं.

"पातं कुणाच्या हातात होतं?"

"तिच्या. मी काढून घेतलं."

मोठ्या बाई उठल्या आणि त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. खालपासून वरपर्यंत वह्या. त्यांनी हाताला येईल ती काढली, येईल ते पान उघडलं. निरंक. दुसरी काढली. निरंक, निरंक. त्यांतली एक बरीच जुनी होती, आणि तिच्यातलं अक्षर मोठ्या बाईंचंच होतं. तिथेही तेच.

"तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत या इमारतीत कुणाला काही कळलं नाही असं एकदाही झालेलं नाही, या वह्यांवर विश्वास ठेवला तर. मी तुम्हाला उभं कसं राहायचं ते शिकवलं, आणि हा रकाना तेवढा नुसता आखून दिला. माझंही चुकलंच.

"धमनी कापल्याचा मला राग नाही. अशी धमनी क्वचित कुणाच्या हातात असते, तू पाहिली नव्हतीस, ठीक आहे. चुकायलाच तर हे टेबल आहे. आजी आपल्याला चुकू देतात, त्यांना दुखत नाही. पण ही आठ मुलं उद्या जिवंत हाताला सुई लावतील. शीर समजून धमनीत औषध गेलं, तर बोटं काळी पडतात, कधी हात जातो. त्या माणसाला दुखेल. आणि बरोबर ओळखणारी एकच मुलगी तेव्हा शेजारी उभी असेल, आणि काही बोलणार नाही. कारण बोललं की हसतात, हे ती तुझ्याकडून शिकलीय."

मास्तरणीनं मान खाली घातली. तिला रडू आलं नाही. रडून मोकळं होण्याइतकी ती लाज हलकी नव्हती. तिनं विचारलं, मला वर्ग मिळणार नाही का?

"वर्षअखेर बघू. आधी असलेल्या वर्गात जा."

ती गेली. आठही जण आले तेव्हा आजींच्या कोपराशी तो वीतभर तुकडा आपल्या जागी होता, वर आणि खाली तांबड्या दोऱ्यानं बांधलेला. गाठी शिंप्याच्या पोरीच्या होत्या, घट्ट आणि बारीक. मास्तरणीनं सांगितलं की ही धमनी आहे. मी शीर म्हणाले ते चूक होतं. हिनं बरोबर ओळखलं होतं आणि मी तिला हसले, तुम्हालाही हसायला लावलं. चाचणीत तुम्ही लिहिलंत ते माझं खोटं होतं.

मग आजींच्या पायाशी उभ्या असलेल्या मुलीनं तोंड उघडलं. बऱ्याच दिवसांनी.

"तुम्हाला कधी कळलं, मॅडम? काल, पेपर तपासताना?"

हा प्रश्न मास्तरणीनं रात्रभर चुकवला होता. आता काल म्हणून सुटता आलं असतं. जिभेवर तो शब्द येऊनही बसला होता.

"कापल्याबरोबर," ती म्हणाली. "लगेच. आणि मी फडकं टाकलं."

मुलीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, आणि मास्तरणीनं ती मागितलीही नाही. तिनं वही ओढली, त्या मंगळवारचं पान काढलं आणि 'निरंक'वर एक रेघ मारून पुढे लिहिलं, काय कळलं नव्हतं आणि काय लपवलं होतं. लिहून वही सगळ्यांना दिसेल अशी उघडीच ठेवली. मुलांनी एकेक करून वाचलं. कुणी हसलं नाही.

बऱ्याच वेळानं प्रश्नपत्रिका पायाकडून चालत कोपराशी आली. तिनं तांबड्या दोऱ्यापलीकडे बोट ठेवलं.

"आणि ही खाली तळहातात कुठवर जाते?"

मास्तरणीनं पातं उचललं, त्याची मूठ मुलीकडे केली.

"मला माहीत नाही. तू काढ, आपण बघू."

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात पातं नसतं. पण कुणीतरी आपल्याला विचारत असतंच. पोर विचारतं, नवा कारकून विचारतो, वाटेवरचा परका विचारतो. माहीत नसताना सांगितलेलं उत्तर आपल्यापाशी राहत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर जाऊन लागतं. आणि विचारणाऱ्याला हसलं, तर ज्याला खरं दिसतं तोच पहिल्यांदा गप्प होतो. 'मला माहीत नाही' म्हणायची लाज वाटू देऊ नये. लाज वाटावी ती फडकं टाकण्याची.

नवव्या टेबलाची वही त्या वर्षी लवकर भरली. मामांना मध्येच नवी आणावी लागली, आणि तिचा शेवटचा रकाना मोठ्या बाईंनी थोडा रुंद आखून दिला.