विकत घ्यायची मुभा

मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तशी ट्रेंट मेब्रीने ती बाटली दोन बोटांत धरली होती.

"मिस्टर हॅस्क्यू, हे काय आहे?"

"वाचता येतं ना तुला?" ऑरिन म्हणाला.

बाटलीत गांजाच्या अर्काचे थेंब होते आणि ते त्याच्या बायकोचे, डेल्फिनाचे होते. कर्करोगाच्या औषधांनी तिच्या पायांच्या नसा पार जळून गेल्या होत्या. चादरीचा स्पर्शसुद्धा सोसवत नसे. संध्याकाळी जिभेखाली थेंब घेतले की तिला झोप लागे. ते विकणारं दुकान प्युब्लोच्या भर चौकात होतं, झगझगीत दिव्यांचं. परवाना कोलोरॅडो राज्याचा, करही राज्यच घ्यायचं. पण हॅस्क्यू नवराबायको राहत होते त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीला भाड्याची मदत वॉशिंग्टनहून, केंद्र सरकारकडून येई, आणि वॉशिंग्टनच्या लेखी गांजा अजून गुन्हाच होता.

ट्रेंट इमारतीचा व्यवस्थापक. नळ गळतात का, धुराची घंटा वाजते का, ते बघायला आला होता. इस्त्रीचा शर्ट, आणि आजारी पोराशी बोलावं तसा मऊ आवाज. त्याच मऊ आवाजात त्याने सांगितलं की आवारात हे चालणार नाही. पुन्हा सापडलं तर जागा सोडावी लागेल. त्याच फळीवर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्यांची डबी होती. त्या घेतल्या की डेल्फिना दिवसभर ओळखसुद्धा विसरे. ट्रेंटने ती डबी जराशी सरकवून मागची ओल तपासली आणि तो पुढे गेला.

ऑरिनला त्याची किळस आली. अर्थात माणसांची किळस येणं त्याला नवं नव्हतं. पोलादाच्या कारखान्यात उभा जन्म क्रेन चालवताना त्याने जग वरूनच पाहिलं होतं, आणि खाली आल्यावरही ती नजर सुटली नव्हती. गांजाला मुभा द्यायची की नाही यावर मतदान झालं तेव्हा त्याने ठासून विरोधात मत दिलं होतं. गंजेट्यांना तो माणसांत मोजत नसे. रस्त्यापलीकडे राहणारा रेमी ओल्गिन हा मानेपर्यंत गोंदलेला, वेणी घालणारा, मोटरसायकली दुरुस्त करणारा इसम. त्याला तर ऑरिनने इतक्या वर्षांत मान हलवून ओळखही दाखवली नव्हती.

दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं की जुन्या भाडेकरूला काढायचं की नाही, हे केंद्राने व्यवस्थापकावर सोडलं आहे. ऑरिन तडक खाली ट्रेंटकडे गेला.

"म्हणजे ठरवायचं तू."

"माझे हात बांधलेले आहेत, मिस्टर हॅस्क्यू."

"बांधले कुणी? कायदा म्हणतोय, तुझं तू बघ."

एकाला सूट दिली की सगळे मागतील, ट्रेंट म्हणाला. उद्या मदत बंद झाली तर सगळी इमारत रस्त्यावर येईल. बाहेर कुठेही घ्या, फक्त इथे नको.

"कुठे घेऊ? फुटपाथवर राज्य पकडतं, गाडीत बसलो तरी पकडतं. दुकानदार दुकानात बसू देत नाही. विकत घ्यायची मुभा आहे, गिळायची नाही."

ट्रेंट म्हणाला, मला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे.

"ती ठेव तुझ्याकडे," ऑरिन म्हणाला. "म्हातारपणी तुला लागेल."

लपवून ठेवू, असं त्याने बायकोला सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही. या वयात सामान घेऊन कुणाच्या दारात बसायचं नाही मला, म्हणाली, आणि उरलेले थेंब तिने मोरीत ओतून टाकले. पुढचा आठवडा तिने उशीचं टोक दातांत धरून काढला. एकदाही ओरडली नाही. ती ओरडली असती तर ऑरिनला सोपं गेलं असतं.

मग एका दुपारी तो रस्ता ओलांडून रेमीच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"माझ्या बायकोला संध्याकाळी तुझ्या ओट्यावर बसू देशील?" त्याने विचारलं, आणि कशासाठी तेही सांगितलं.

रेमीने पाना खाली ठेवला. "काका, तुम्ही मला गंजेटी म्हणता ते ऐकू येतं हां मला. तुमची खिडकी उघडी असते."

"म्हणतो खरा."

"मग आता?"

"आता विचारतोय."

रेमी हात पुसत राहिला. "मला दमा आहे," तो शेवटी म्हणाला. "मी साधी सिगारेट ओढली नाही कधी. ओट्यावर गारठा असतो, त्यांना आत घेऊन या."

त्या दिवसापासून ऑरिन रोज चाकांची खुर्ची ढकलत रस्ता ओलांडू लागला. एकदा ट्रेंटने अदबीने दार उघडून धरलं आणि मोकळ्या हवेत जाता हे छान करता, असं म्हणाला. डेल्फिनाने त्याचे आभार मानले. ऑरिन खुर्चीचं चाक त्याच्या चकचकीत बुटाला घासूनच पुढे गेला.

थंडी वाढली तसं झोपलेल्या बाईला परत आणणं जमेना. मग ती तिथेच राहू लागली. रेमीने पुढच्या खोलीतला मोटरसायकलींचा पसारा हलवला, तिथे पलंग आला, पलंगाशेजारी ऑरिनची आरामखुर्ची. पलीकडे केंद्राच्या मदतीचं त्यांचं घर नीटनेटकं, उबदार, रिकामं राहिलं.

मार्चमध्ये एका सकाळी, रेमी हिरव्या मिरचीचा रस्सा गरम करत असताना, डेल्फिना गेली. झोपेतच.

न्यायला आलेल्या माणसाने टोपी काढून हळूच विचारलं, "राहत्या घरीच गेल्या ना?"

खिडकीतून समोरची इमारत दिसत होती. म्हाताऱ्यांचे पाय घसरू नयेत म्हणून ट्रेंट पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाकत होता, प्रत्येक पायरीवर, कोपऱ्यांतसुद्धा.

"हो, घरीच," ऑरिन म्हणाला, आणि त्याने रेमीच्या घराचा नंबर सांगितला.